बेटावरून शिकायला निघताना: स्कॉलरशिपची वाट कुठून सुरू करायची

दहा-बारा वर्षं मी पुण्यातल्या एका कॉलेजात परदेशी विद्यार्थ्यांच्या टेबलावर काम केलं. मॉरिशसची मुलं आली की आधी इंग्रजीत विचारायची, मग माझ्या नावाची पाटी वाचून जरा थांबायची आणि म्हणायची, "ताई, आम्ही पण मराठी." कोकणातून ऊसमळ्यांवर कामाला गेलेल्यांची ही पाचवी-सहावी पिढी. घरी क्रियोल, शाळेत इंग्रजी-फ्रेंच आणि गणपतीत मराठी आरती. त्यांच्यातल्या कितीतरी जणांचे कागद माझ्या हातून पुढे गेले. काहींचे परत पाठवताना मात्र जिवावर आलं.

त्यातली एक मुलगी अजून डोळ्यांसमोर आहे. तिला इंजिनिअरिंग हवं होतं. गणितात आणि भौतिकशास्त्रात उत्तम श्रेणी, पण तिसरा मुख्य विषय तिनं अर्थशास्त्र घेतला होता. रसायनशास्त्र नव्हतंच. आयसीसीआर, म्हणजे परदेशी मुलांना भारतात शिकायला स्कॉलरशिप देणारी सरकारी संस्था, हिच्या इंजिनिअरिंगच्या अर्जाला भौतिक, रसायन आणि गणित हे तिन्ही विषय लागतात. चूक झाली होती दोन वर्षांपूर्वी, लोअर सिक्समध्ये (आपल्याकडची अकरावी) विषय निवडताना, आणि तोवर तिला हे कोणीच सांगितलं नव्हतं.

हा लेख मॉरिशस डोळ्यांसमोर ठेवून लिहिते आहे, कारण आपली मराठी मुलं तिथे आहेत आणि तिथले कागद मी पाहिले आहेत. सेशेल्स, मालदीव, फिजी, त्रिनिदाद इथल्या मुलांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. पुण्या-मुंबईत किंवा रत्नागिरीत बसून तिकडच्या एखाद्या भाचीला मदत करणाऱ्यांनीही वाचावा.

परदेशातलं विद्यापीठ नंतर, आधी आपल्या देशातली खिडकी

बहुतेक मुलं उलट्या टोकानं सुरुवात करतात. विद्यापीठाची वेबसाइट उघडतात, कोर्स आवडतो, फी बघून छातीत धस्स होतं आणि मग स्कॉलरशिप शोधतात. बेटांच्या देशांसाठी ही वाट चुकीची आहे. इथल्या बऱ्याच मोठ्या स्कॉलरशिपा दोन सरकारांमधल्या असतात. देशाच्या वाट्याला ठरावीक जागा येतात आणि नाव देशाकडून पुढे जावं लागतं. म्हणजे पहिला अर्ज तुमच्याच शिक्षण मंत्रालयाच्या स्कॉलरशिप विभागाकडे, किंवा नोकरीत असाल तर तुमच्या खात्याच्या मंत्रालयाकडे असतो.

ही व्यवस्था अशी का, ते कळलं की अर्ज लिहायलाही मदत होते. १९९२ च्या रिओ परिषदेत छोट्या बेटांच्या विकसनशील देशांचा गट वेगळा मानला गेला. आज संयुक्त राष्ट्रांच्या यादीत असे ३९ देश आहेत. तुवालूची लोकसंख्या आपल्याकडच्या एखाद्या बाजारगावाएवढी. अशा देशाला बंदर चालवणारा, हवामानाचा अंदाज देणारा, सागरी कायदा जाणणारा, अशी सगळी माणसं लागतात, पण प्रत्येकासाठी कॉलेज काढता येत नाही. पॅसिफिकमधल्या बेटांच्या सरकारांनी मिळून १९६८ मध्ये फिजीच्या सुव्हा शहरात युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ पॅसिफिक उभी केली ती याच कारणानं. उरलेलं शिक्षण बाहेर घ्यावं लागतं, आणि ते देणारे देश अर्जातून एकच गोष्ट शोधत असतात: हा माणूस परत जाऊन त्या बेटाच्या काय उपयोगी पडेल?

तेव्हा पहिलं काम हे. मंत्रालयाच्या स्कॉलरशिपच्या पानावर दर आठवड्याला एकदा नजर टाकायची सवय लावा आणि मागच्या दोन-तीन वर्षांच्या जाहिराती उतरवून काढा. कुठली स्कॉलरशिप कुठल्या महिन्यात निघाली, अर्जाला किती दिवस मिळाले, हे वहीत लिहा. जाहिरात निघाल्यावर हातात दोन-तीन आठवडेच असतात. त्यात कागद गोळा करायला बसलात तर जमत नाही.

कागद, आणि त्यातलं नाव

पासपोर्ट, जन्मदाखला, स्कूल सर्टिफिकेट, एचएससीचं गुणपत्रक, पदवी असेल तर तिची गुणपत्रकं, दोन शिफारसपत्रं, वैद्यकीय दाखला. मॉरिशसमध्ये चारित्र्याचा दाखला डीपीपीच्या (सरकारी वकिलांच्या प्रमुखाच्या) कार्यालयातून मिळतो, त्याला वेळ लागतो हे धरून चाला. ही यादी कुठेही मिळेल. मला सांगायचंय ते नावाबद्दल.

मॉरिशसच्या मराठी घरांत पणजोबाचं पाळण्यातलं नाव पुढे आडनाव झालं आणि नोंद करणाऱ्या कारकुनानं ते फ्रेंच वळणानं लिहिलं. एकाच घरात दोन भावांच्या आडनावाचं स्पेलिंग वेगळं असतं. जन्मदाखल्यावर तीन नावं, पासपोर्टवर दोन, शाळेच्या दाखल्यावर घरी हाक मारतात ते नाव, असं मी अनेकदा पाहिलंय. भारतातल्या विद्यापीठाच्या क्लार्कला हा इतिहास ठाऊक नसतो. त्याला दोन वेगळी माणसं दिसतात आणि तो फाइल बाजूला ठेवतो. अर्जाच्या सहा महिने आधी सगळे कागद एका टेबलावर पसरून नावाचं एकेक अक्षर ताडून पाहा. फरक असेल तर 'ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र करून घ्या आणि प्रत्येक अर्जाला जोडा. अर्जात नाव भरायचं ते पासपोर्टवरचं, जसंच्या तसं.

भारतात यायचं असेल तर: आयसीसीआर

भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद, म्हणजे आयसीसीआर, मौलाना आझादांनी १९५० मध्ये सुरू केली. मॉरिशसमधल्या फीनिक्स गावचं इंदिरा गांधी सांस्कृतिक केंद्र तिचंच. तिच्या स्कॉलरशिपांचे अर्ज 'ए टू ए' नावाच्या पोर्टलवर ऑनलाइन भरतात. पोर्टल साधारण वर्षाच्या सुरुवातीला उघडतं. एचएससीचा निकालही त्याच सुमाराला लागतो, म्हणून मुलांची धांदल उडते. निकालाची वाट न बघता लॉगिन, निबंध, शिफारसपत्रं ही सगळी तयारी डिसेंबरातच उरकून ठेवा.

वयाची अट पदवी आणि पदव्युत्तरसाठी १८ ते ३० आणि पीएचडीसाठी ४५ पर्यंत. एमबीबीएस आणि डेंटल यात मिळत नाही. दर वर्षी कोणीतरी आई मला विचारते, म्हणून आधीच सांगते. आयुर्वेद, योग वगैरेंसाठी आयुष नावाची वेगळी योजना आहे. संगीत-नृत्यासाठी आता लता मंगेशकरांच्या नावाची योजना आहे. तिच्यासाठी आपल्या गाण्याचं किंवा नाचाचं रेकॉर्डिंग चढवावं लागतं, ते मोबाईलवर लग्नाच्या मांडवात घेतलेलं नको. शांत खोलीत, एकच रचना, नीट.

अर्जात पाच विद्यापीठं पसंतीक्रमानं देता येतात. इथे मुलं एकच चूक करतात: पाचही दिल्ली-मुंबई-पुण्याची नावाजलेली. क्रम असा काय कामाचा? पहिल्या दोन जागी मनातली ठेवा, पुढच्या तीन जागी तुमचा विषय चांगला शिकवणारी पण कमी गर्दीची. अर्ज आधी विद्यापीठाकडे जातो, विद्यापीठानं प्रवेश द्यायला होकार दिला की तुमच्या देशातलं भारताचं हाय कमिशन (दूतावास) स्कॉलरशिप ठरवतं. एकदा ऑफर स्वीकारली की कोर्स किंवा विद्यापीठ बदलायचं विसरा. 'तिथे गेल्यावर बघू' म्हणून आलेल्या मुलांना मी रडताना पाहिलंय.

पीएचडीवाल्यांनी संशोधनाचा आराखडा जोडायचा असतो. त्याआधी त्या विभागातल्या मार्गदर्शकाला साध्या शब्दांत एक ईमेल लिहा: मी कोण, माझा प्रश्न काय, तुमचं काम मी काय वाचलंय. समुद्राशी संबंध असलेला विषय असेल तर गोव्यात दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था (१९६६ ची) आणि मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था (१९६१ ची) ही दोन नावं लक्षात ठेवा. बेटावरच्या माणसाला तिथे जे शिकायला मिळेल ते मोठ्या नावाच्या बिझनेस स्कूलात मिळणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

पैशाचं म्हणाल तर फी भरली जाते आणि दरमहा विद्यावेतन मिळतं. अलीकडचे दर पदवीला १८,०००, पदव्युत्तरला २०,००० आणि पीएचडीला २२,००० रुपये असे आहेत, घरभाडं वेगळं. विमानाचं तिकीट योजनेप्रमाणे बदलतं, ते आपल्या योजनेच्या पानावर वाचून घ्या. पहिलं विद्यावेतन बँकेत खातं उघडेपर्यंत हातात येत नाही. दोन-अडीच महिन्यांचा खर्च बरोबर आणा, कोणी काहीही सांगो.

भारतीय वंशाच्या मुलांसाठी परराष्ट्र मंत्रालयाची आणखी एक योजना २००६-०७ पासून आहे, अनिवासी आणि मूळ भारतीयांच्या मुलांसाठी. पहिल्या पदवीकरता, वर्षाला जास्तीत जास्त ४,००० डॉलरपर्यंत, दर वर्षी १५० जणांना. सगळा खर्च त्यातून निघत नाही, पण ज्या घराला अर्धा भार उचलता येतो त्यांना ती पुरते. इथे भारतीय मुळाचा पुरावा लागतो. मॉरिशसमधल्या मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटच्या संग्रहात गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांच्या, नोंदी जपलेल्या आहेत, आपल्या पणजोबांचा शोध तिथून सुरू करता येतो. हे काम सुट्टीत करा, आजी-आजोबांना बरोबर घेऊन.

नोकरीत असाल तर

इथे मात्र मार्ग जास्त आणि माहिती कमी. मास्तर, नर्स, कस्टम्सचे अधिकारी, मत्स्यखात्यातले निरीक्षक अशा लोकांनी मला कितीदा तरी म्हटलंय, "आता आमचं वय गेलं." काही गेलेलं नाही.

भारताचा आयटेक हा परदेशी नोकरदारांना प्रशिक्षण देणारा कार्यक्रम १९६४ पासून चालू आहे. काही आठवड्यांचे ते काही महिन्यांचे कोर्स: लेखापरीक्षा, सायबर सुरक्षा, सौरऊर्जा, ग्रामविकास, इंग्रजी. विमान, राहणं, फी, भत्ता, सगळं भारत सरकारकडून. वय साधारण २५ ते ४५. अर्ज ऑनलाइन भरायचा, पण त्याची छापील प्रत तुमच्या खात्याकडून सहीशिक्क्यानं पुढे जावी लागते. अडतं ते इथेच. साहेबांच्या टेबलावर कागद पडून राहतो. अर्ज देण्याआधी साहेबांना भेटा, तुम्ही नसताना काम कोण बघेल ते स्वतःच ठरवून सांगा. मग सही लवकर होते. पॅसिफिकच्या बेटांसाठी २०२३ मध्ये पोर्ट मोर्सबीच्या परिषदेत भारतानं पाच वर्षांत अशा १,००० जागा जाहीर केल्या. फिजी-सामोआच्या मंडळींनी आपापल्या खात्यात त्याबद्दल जरूर विचारावं.

ब्रिटनची चेव्हनिंग स्कॉलरशिप एक वर्षाच्या मास्टर्ससाठी असते. तिला २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो. अर्धवेळ आणि स्वयंसेवी कामही त्यात धरतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. अर्ज ऑगस्टमध्ये उघडतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंद होतो. कोर्स संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. कॉमनवेल्थ स्कॉलरशिपा १९५९ च्या योजनेतून आल्या. कॉमनवेल्थच्या ५६ देशांपैकी ३३ छोटे देश आहेत, म्हणजे तुम्ही तिथे अपवाद नाही, बहुसंख्य आहात. कुठल्या वर्षी कुठल्या देशाला कुठला प्रकार खुला, हे बदलत राहतं. दर वर्षी नव्यानं यादी पाहायची. ऑस्ट्रेलिया अवॉर्ड्स, म्हणजे तिथल्या सरकारच्या स्कॉलरशिपा, यांचे अर्ज बऱ्याच देशांसाठी १ फेब्रुवारीला उघडून एप्रिलअखेर बंद होतात, तिथेही दोन वर्षं परत जायची अट आहे.

आता समुद्राचं. मॉरिशसची जमीन २,०४० चौरस किलोमीटर, पण तिच्या हक्काचा समुद्र सुमारे २३ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या सातपटीहून जास्त. हा समुद्र सांभाळायला शिकवणाऱ्या फेलोशिपा जगात मोजक्या आहेत आणि त्या नेमक्या तुमच्यासाठी आहेत. स्वीडनमधल्या माल्मोची वर्ल्ड मेरिटाइम युनिव्हर्सिटी १९८३ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं काढली. बंदर आणि जहाजवाहतूक खात्यातले लोक तिथे दात्यांच्या पैशावर शिकतात. आइसलंडमध्ये १९९८ पासून मत्स्यव्यवसायाचं सहा महिन्यांचं प्रशिक्षण चालतं, तिथेही नाव तुमच्या संस्थेकडून जावं लागतं. सागरी कायद्यासाठी संयुक्त राष्ट्रं आणि जपानच्या निप्पॉन फाउंडेशनची फेलोशिप २००४ पासून आहे. हवामानबदलाच्या वाटाघाटी शिकायच्या असतील तर बेटांच्या देशांचीच आघाडी, १९९० ची एओसिस, तरुण अधिकाऱ्यांना न्यूयॉर्कमध्ये आपल्या देशाच्या कार्यालयात वर्षभर काम करायला बोलावते. वकिली किंवा परराष्ट्र खात्यातल्या कोणाला यातलं काही ठाऊक नसेल तर आजच त्यांना हा परिच्छेद वाचून दाखवा.

आपल्या मंत्रालयाची खिडकी न लागणारी एक मोठी सोय आहे: युरोपची इरास्मस मुंडस स्कॉलरशिप. दोन वर्षांत दोन-तीन देशांतल्या विद्यापीठांत शिकायचं, महिना १,४०० युरो, अर्ज थेट. ज्यांच्या घरी फ्रेंच बोलतात त्या मॉरिशसच्या मुलांनी तर हे सोडूच नये. अर्ज बहुतेक ऑक्टोबर ते जानेवारीत.

निबंध

आयसीसीआरला ५०० शब्दांचा निबंध इंग्रजीत लागतो. बाकीच्यांकडेही काही ना काही लिहावंच लागतं. माझ्या मते निवड इथेच होते.

एका मुलानं मला मसुदा दाखवला. पहिलं वाक्य: हवामानबदल हे मानवजातीपुढचं सर्वांत मोठं आव्हान आहे. मी विचारलं, "तू कुठला?" म्हणाला, "माहेबुर्गजवळचा." मग मी विचारलं, २०२० मध्ये वाकाशिओ जहाज फुटलं तेव्हा तू काय करत होतास? आणि तो बोलायला लागला. २५ जुलैला जहाज प्वांत देस्नीच्या प्रवाळावर चढलं, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तेल गळायला लागलं, सुमारे हजार टन. गावानं सरकारची वाट पाहिली नाही. कापडाच्या लांब पिशव्या शिवल्या, त्यांत उसाचं पाचट भरलं, त्या दोरीला बांधून खाडीत सोडल्या. त्याची आई शिवत होती, हा पाचट भरत होता. महिन्याभरानं खारफुटीच्या मुळांशी चिकटलेला काळा थर त्यानं बघितला आणि तो कसा जाईल हे त्याला कोणी सांगू शकलं नाही. म्हणून त्याला पर्यावरण रसायनशास्त्र शिकायचं होतं.

हे सगळं त्याच्या मसुद्यात कुठेच नव्हतं! मी म्हटलं, आत्ता बोललास ते लिही. आईच्या शिवणयंत्रापासून सुरू कर, शेवटी परत जाऊन कुठल्या खात्यात, कुठल्या खाडीवर काम करणार ते लिही. त्यानं तसंच लिहिलं आणि त्याला जागा मिळाली.

तुमच्याकडे वाकाशिओ नसेल, पण काहीतरी असेलच. मॉरिशसच्याच रॉड्रिग्ज बेटावर पाण्याच्या टाकीवर रांग लावलेली असेल, आजोबांच्या उसाच्या शेताचं काय झालं ते पाहिलं असेल, शाळेत मराठीच्या तासाला पाचच मुलं बसतात हे दुखत असेल. तिथून सुरुवात करा. शिफारसपत्र देणाऱ्या सरांनाही हाच प्रसंग कळवा. त्यांना तुमचं कौतुक करायचं असतं, पण तपशील आठवत नाहीत, मग 'हुशार आणि मेहनती' एवढंच लिहून ते मोकळे होतात.

सही करण्याआधी

पत्र आलं की घरात पेढे वाटा आणि मग शांत बसून करार वाचा. परत यायची अट किती वर्षांची? सरकारी नोकर असाल तर खात्याचा बॉन्ड वेगळा असतो, त्यात जामीनदार लागतो, तो कोण? नापास झालात तर विद्यावेतन थांबतं का? आरोग्य विमा कोणी काढायचा? आयसीसीआरमध्ये तो विद्यार्थ्यालाच काढावा लागतो. आणि कोणी एजंट 'तुमची जागा पक्की करतो' म्हणून पैसे मागत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. आयसीसीआर, आयटेक किंवा चेव्हनिंगच्या अर्जाला एक पैसाही फी नाही.

नाव प्रतीक्षायादीत असेल तरी हाय कमिशनला दर पंधरा दिवसांनी नम्रपणे विचारत राहा. कोणीतरी दुसऱ्या देशात जातं आणि जागा रिकामी होते, हे मी जुलैच्या शेवटापर्यंत घडताना पाहिलंय.

पुण्यात उतरल्यावर

स्टुडंट व्हिसा सहा महिन्यांहून जास्त मुदतीचा असेल तर उतरल्यापासून १४ दिवसांत एफआरआरओकडे (परदेशी नागरिकांची नोंद ठेवणारं सरकारी कार्यालय) नोंदणी करायची, ती आता ऑनलाइन होते. त्यासाठी राहत्या जागेचा पुरावा लागतो, म्हणून हॉस्टेलच्या कार्यालयातून पहिल्याच दिवशी पत्र घ्या. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते) असलेल्यांना ही नोंदणी लागत नाही. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती मुर्मू मॉरिशसला गेल्या तेव्हा तिथल्या सातव्या पिढीपर्यंत हे कार्ड खुलं करायची घोषणा झाली, तेव्हा घरी चौकशी करून ठेवा.

तुम्ही याल तेव्हा आमच्याकडे भर पावसाळा असेल. मूळ दाखले प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये, पाठीवरच्या पिशवीत ठेवा, सामानाच्या बॅगेत नको. प्रत्येकाच्या पाच-पाच झेरॉक्स आणि पासपोर्ट साइजचे वीस फोटो बरोबर आणा. आणि टेबलापलीकडच्या माणसाशी खुशाल मराठीत बोला. तुमचे हेल वेगळे असतील, पण ते ऐकून तो खुर्ची पुढे सरकवेल आणि गाव विचारेल. तेव्हा आजीकडून आपल्या मूळ गावाचं नाव विचारून या.